नांगर हरवत नाही, टोक सुटतं

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

शेतकऱ्याचा नांगर आणि खलाशाचा नांगर, या दोघांना मराठीत एकच शब्द आहे. शेतातल्या नांगराचं मूळ संस्कृतातल्या 'लांगल' या शब्दात सांगतात आणि समुद्रातल्या नांगराचं नातं फारसी 'लंगर'शी जोडतात. दोन वेगळ्या वाटांनी आलेले हे शब्द आपल्याकडे एका रूपात नांदू लागले आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटायचं कारणही नव्हतं. दोघांचं काम एकच, जमिनीत घुसायचं. फरक एवढाच, की शेतातला नांगर घुसून पुढे सरकावा लागतो आणि समुद्रातला घुसून जागचा हलता कामा नये.

आणखी एक फरक आहे आणि आज मला त्याच्याविषयी बोलायचं आहे. शेतकऱ्याचा नांगर दिवसभर त्याच्या डोळ्यांसमोर असतो. खलाशी आपला नांगर पाण्यात सोडतो त्या क्षणी तो दिसेनासा होतो. त्यानंतर रात्रभर होडी, होडीतली माणसं, जाळी आणि पकडलेली मासळी, सगळं एका दोराच्या भरवशावर असतं. हा दोर दोन टोकांचा. एक टोक नांगराच्या कडीत, दुसरं होडीत. माणसानं नांगरावर जेवढी बुद्धी खर्च केली, तेवढीच या दोन टोकांवर करावी लागली. पण इतिहासाच्या पुस्तकात नांगराचं चित्र असतं, दोराच्या टोकाचं नसतं.

श्रोतेहो, प्रश्न साधा आहे. नांगर हरवतो कसा? लोखंडाचा तुकडा काही पोहून जात नाही. तो जिथे टाकला तिथेच असतो, आपलाच त्याच्याशी संबंध तुटतो. आणि तो तुटायचे प्रकार फार नाहीत. एक, दोर झिजतो, कापला जातो किंवा नांगराकडची गाठ सुटते. दोन, होडीकडचं टोक बांधलेलंच नसतं आणि दोर सरसर करत संपूर्ण बाहेर निघून जातो. तीन, नांगर खडकात असा काही अडकतो, की दोर कापून निघून जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही. गेल्या दोन-अडीच हजार वर्षांत बोटी बदलल्या, दोर बदलले, नांगराचे आकार बदलले. हे तीन प्रकार मात्र तसेच राहिले.

यात एक अडचण आहे. इतिहास लिहिला गेला तो मोठ्या जहाजांचा. लहान होडीतल्या माणसानं नांगर गमावला, तर तो दुसऱ्या दिवशी उधार-उसनवार करून दुसरा आणणार. त्याची नोंद कोण ठेवणार? मी बंदरांचा इतिहास वाचत आलो आहे. त्यात मालाची, जकातीची, तोफांची, सरदारांची नावं भरपूर सापडतात. होडीवाल्याचा नांगर सापडत नाही. तो शोधायचा तर कागद सोडून समुद्राच्या तळाशी जावं लागतं.

सुदैवानं आपल्याकडे हे काम झालं आहे. गोव्यात दोना पावला इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. एस. आर. राव यांच्या पुढाकारानं सागरी पुरातत्त्वाचं काम सुरू झालं. द्वारकेच्या समुद्रात पाणबुडे उतरले ते बुडालेल्या नगरीचा शोध घ्यायला. त्या नगरीविषयी पुष्कळ चर्चा झाली. मला त्यांना मिळालेली दुसरी गोष्ट अधिक बोलकी वाटते. त्यांना मोठ्या संख्येनं दगडी नांगर मिळाले. कुठे त्रिकोणी दगड आणि त्याला दोन-तीन भोकं, कुठे मधोमध भोक असलेला जात्याच्या पाळीसारखा गोल दगड, तर कुठे लांबट, चौकोनी घडवलेला खांब. या तिसऱ्या प्रकाराला अभ्यासक 'इंडो-अरेबियन' म्हणतात, कारण तसेच नांगर अरबी समुद्राच्या पलीकडच्या किनाऱ्यांवरही मिळतात. वरच्या बाजूला दोरासाठी एक गोल भोक आणि खालच्या बाजूला एकमेकांना काटकोनात पाडलेली दोन चौकोनी भोकं. त्या चौकोनी भोकांत लाकडी दांडके ठोकायचे, तेच त्याचे फाळ. १९९७ साली मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्यावरच्या अशा दगडी नांगरांचा अभ्यासही प्रसिद्ध झाला.

हे दगड पाहताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लाकडी फाळ कुजून गेले, दोर तर कधीच नाहीसा झाला, उरला तो दगड. समुद्राच्या तळाशी मिळालेल्या अशा दगडांपैकी काही बुडालेल्या गलबतांबरोबर गेले असतील. पण बरेचसे नुसतेच पडलेले मिळतात, आजूबाजूला गलबताचा मागमूस नसतो. म्हणजे कधीतरी एखाद्या पहाटे कुणीतरी ओढून ओढून दमलं, नांगर येईना, आणि दोर कापून निघून गेलं. किंवा रात्रीत दोर झिजला आणि सकाळी हातात नुसतं विंचरलेलं टोक आलं. तळावरचा प्रत्येक सुटा नांगर ही एक न लिहिलेली नोंद आहे.

दगडाच्या काळात हे नुकसान सोसवण्यासारखं होतं. दगड पुष्कळ आणि घडवणारे हातही गावातलेच. नांगर लोखंडाचा झाला तेव्हा गणित बदललं. लोखंड विकत घ्यावं लागतं, लोहाराला मजुरी द्यावी लागते. नांगर आता होडीतल्या महागाच्या वस्तूंपैकी एक झाला. तो टिकवायची कळकळ तिथून वाढली असावी, असं मला वाटतं.

आता दोराच्या पहिल्या टोकाकडे, म्हणजे नांगराकडच्या टोकाकडे येऊ. या टोकाचा शत्रू खडक, शिंपले, प्रवाळ आणि कधीकधी माणूस.

माणसाची गोष्ट फार जुनी आहे. इ. स. पूर्व ३३२ मध्ये अलेक्झांडरनं टायर या बेटावरच्या शहराला वेढा घातला. हे शहर आज लेबनॉनमध्ये येतं. शहराच्या तटाखाली समुद्रात टायरच्या लोकांनी मोठमोठे धोंडे टाकून ठेवले होते, जेणेकरून शत्रूची जहाजं तटाला भिडू नयेत. ते धोंडे दोर लावून ओढून काढायला अलेक्झांडरची जहाजं तिथे नांगर टाकून उभी राहू लागली. टायरच्या लोकांनी झाकलेल्या नौका पाठवून त्यांचे नांगराचे दोर कापले. अलेक्झांडरनं पहाऱ्याला जहाजं ठेवली, तर टायरचे पाणबुडे पाण्याखालून पोहत गेले आणि त्यांनी पुन्हा दोर कापले. शेवटी मॅसेडोनियाच्या लोकांनी दोराऐवजी नांगरांना साखळ्या लावल्या. मग पाणबुड्यांचं काही चालेना. हा प्रसंग आरियन या इतिहासकारानं लिहून ठेवला आहे. एवढ्या मोठ्या वेढ्यातली ही बारीकशी बाब त्याला नोंदवावीशी वाटली, याचं मला कौतुक वाटतं.

पुढे इ. स. पूर्व ५६ मध्ये ज्युलियस सीझर आजच्या फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या व्हेनेती नावाच्या दर्यावर्दी लोकांशी लढला. त्यांच्या नौकांचं वर्णन करताना तो सांगतो, की त्यांची शिडं कातड्याची होती आणि नांगर लोखंडी साखळ्यांनी बांधलेले होते. तिथला समुद्र खवळलेला, किनारा खडकाळ. अशा जागी दोर किती टिकणार? टायरला साखळी आली ती शत्रूच्या सुरीमुळे, व्हेनेतींकडे बहुधा खडकाच्या धारेमुळे.

तरीही त्यानंतर शेकडो वर्षं जगातली बहुतेक जहाजं दोरावरच उभी राहिली. आपल्याकडे काथ्याचा दोर. नारळाच्या सोडणातून निघणारा हा काथ्या खाऱ्या पाण्याला चांगला टिकतो आणि हिसका बसला की थोडा ताणला जातो, त्यामुळे झटका नांगरापर्यंत तसाच्या तसा पोचत नाही. युरोपात तागासारख्या हेंप नावाच्या झाडाचा दोर असे. साखळी सर्रास आली ती एकोणिसाव्या शतकात. ब्रिटिश नौदलातल्या सॅम्युअल ब्राऊन या अधिकाऱ्यानं १८०८ साली साखळीचं पेटंट घेतलं आणि पुढच्या काही दशकांत मोठ्या जहाजांवरचे मांडीएवढे जाड दोर हळूहळू गेले. पण साखळीचीही कडी खोटी निघू शकते. वरून धडधाकट दिसणारी, आतून नीट न जुळलेली कडी वादळातच तुटणार. म्हणून १८६४ साली ब्रिटिश संसदेला नांगर आणि साखळ्यांविषयी कायदा करावा लागला. ताण देऊन तपासल्याशिवाय ते विकू नयेत, असा त्याचा रोख होता. टोक सुटण्याची भीती अशी थेट कायद्याच्या पुस्तकात गेली.

लहान होडीला मात्र संपूर्ण साखळी परवडत नाही. पैशानं नाही आणि वजनानंही नाही. म्हणून तिच्यासाठी मधला मार्ग निघाला. नांगराच्या लगत काही हात साखळी, पुढे दोर. तळाला घासण्याचं काम साखळी करते, शिवाय तिच्या वजनानं नांगराचा दांडा तळाशी आडवा राहतो आणि फाळ रुततात. हिसका सोसण्याचं काम दोर करतो.

दोर थेट नांगराच्या कडीला बांधायचा असेल, तर त्यासाठी एक जुनी गाठ आहे. इंग्रजीत ती कोळ्यांच्या नावानं ओळखली जाते. ज्याचं पोट नांगरावर अवलंबून, त्याच्या नावावर ती गाठ असावी हे योग्यच. कडीतून दोराचे दोन वेढे घ्यायचे. मग टोक मुख्य दोरामागून फिरवून त्या दोन्ही वेढ्यांच्या आतून ओवायचं आणि ओढून घट्ट करायचं. नंतर मुख्य दोराला आणखी एक फास द्यायचा. इथपर्यंत पुष्कळ जण करतात. खरी राखण पुढच्या पायरीत आहे. उरलेलं मोकळं टोक बारीक सुतळीनं मुख्य दोराला लपेटून बांधून टाकायचं. कारण असं, की गाठ ताणाखाली सहसा सुटत नाही, ती सुटते ढिलाईत. लाट आली की दोर ताणतो, लाट गेली की सैल पडतो. रात्रभरात असं हजारो वेळा होतं आणि त्या सैल क्षणांत टोक केसाकेसानं मागे सरकत राहतं. सुतळीचे चार वेढे हे सरकणं थांबवतात. साखळी जोडायला शॅकल वापरला, तर त्याच्या आट्याच्या खिळ्यालाही हेच लागू. तोही हलून हलून उलटा फिरतो. म्हणून खिळ्याच्या भोकातून तार ओवून ती शॅकलच्या अंगाला पिळून ठेवतात. तारेचा एवढासा तुकडा, पण त्याच्याशिवाय अख्खा नांगर परका होऊ शकतो.

आता दुसरं टोक, होडीतलं. याच्याविषयी ऐकून हसू येईल, पण नांगर गमावण्याचा हा प्रकार साऱ्या जगात ठाऊक आहे. नांगर टाकला, दोर सोडला आणि दोराचं शेवटचं टोक कुठेच बांधलेलं नव्हतं! मालवणला एका वृद्ध तांडेलाशी बोलताना मी त्यांना विचारलं होतं, की नव्या पोराला तुम्ही पहिल्यांदा काय शिकवता? मला वाटलं होतं, वारा ओळखायला किंवा सुकाणू धरायला. ते म्हणाले, "मास्तरानू, नांगर टाकूच्या आधी दोरयेचा दुसरा टोक खंय आसा ता बघूचा." एवढंच. पुढे काही सांगायची त्यांना गरज वाटली नाही.

इंग्रज खलाशांनी या टोकाला नावच देऊन ठेवलं. जहाजावर नांगराचा दोर ज्या लाकडी खांबांना गुंडाळत, त्यांना 'बिट' म्हणत, आणि त्यांच्या अलीकडे, जहाजात राहणाऱ्या टोकाला 'बिटर एंड'. कॅप्टन जॉन स्मिथ यांच्या १६२७ सालच्या नौकानयनाच्या पुस्तकात या शब्दाची फोड आहे. अगदी शेवटपर्यंत झुंजण्यासाठी इंग्रजीत जो वाक्प्रचार आहे, तो इथूनच आला असावा, असं काही अभ्यासक मानतात. दोर सोडता सोडता ते टोक दिसू लागलं, म्हणजे आता हातात काही उरलं नाही.

हे टोक होडीत भक्कम जागी बांधलेलं हवंच. पण कसं बांधायचं, यातही एक खोच आहे. ते लोखंडी खिळ्यानं कायमचं जखडायचं नाही. दोरानंच बांधायचं आणि तेही असं, की वेळ आली तर कोयत्याच्या एका घावात तुटेल. कारण कधीकधी नांगर वाचवण्यापेक्षा होडी वाचवणं गरजेचं असतं. दुसरी होडी वाहत येऊन अंगावर आदळायच्या बेतात आहे, किंवा वारा फिरला आणि मागे खडक आला, तर नांगर उपसत बसायला वेळ नसतो. म्हणजे टोक न सुटणारं हवं आणि सोडता येणारंही हवं. नांगराच्या इतिहासातली खरी अवघड जागा हीच आहे.

दोर कापणं म्हटलं की आपल्याला सिंहगड आठवतो. तानाजी पडल्यावर सूर्याजीनं दोर कापले आणि मावळे फिरून लढले, ही कथा लहानपणापासून आपल्या कानांवर आहे. गडावर दोर कापले म्हणजे परतीची वाट बंद झाली, शौर्याला दुसरा पर्याय उरला नाही. समुद्रावर दोर कापले म्हणजे काय होतं, ते पाहायचं असेल तर १५८८ सालच्या स्पॅनिश आरमाराची गोष्ट पाहावी.

त्या वर्षी स्पेनच्या राजानं इंग्लंड जिंकण्यासाठी सुमारे १३० जहाजांचं आरमार पाठवलं. ऑगस्टच्या सुरुवातीला हे आरमार फ्रान्सच्या कॅले बंदरासमोर नांगर टाकून थांबलं. जागा उघडी होती, प्रवाह जोराचा. जहाजांनी एकेकाचे दोन-दोन, तीन-तीन नांगर टाकले होते. ७ ऑगस्टच्या रात्री इंग्रजांनी आठ जहाजं पेटवून भरतीबरोबर त्यांच्या दिशेनं सोडली. असं काही होईल, याचा अंदाज स्पॅनिश सेनापती मेदिना सिदोनिया याला होता. त्याचा हुकूम शहाणपणाचा होता. आग जवळ आली तर नांगराच्या दोराला बोया बांधा, दोर सोडून बाजूला व्हा, आग निघून गेली की परत या आणि बोया धरून आपापला नांगर उचला.

हुकूम शहाणा होता, पण रात्र अंधारी होती आणि पेटती जहाजं समोर होती. बहुतेकांनी दोर कापले आणि वाट फुटेल तिकडे निघाले. वाऱ्यानं आणि प्रवाहानं त्यांना पुढे लोटलं. त्या जागी परत येणं मोजक्याच जहाजांना जमलं. कॅलेच्या तळाशी त्या रात्री आरमाराचे सगळ्यात चांगले नांगर राहून गेले.

दुसऱ्या दिवशीच्या लढाईपेक्षा ही हानी किती मोठी होती, ते पुढच्या महिन्यात कळलं. परतीच्या वाटेवर आरमार स्कॉटलंडला वळसा घालून आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यानं निघालं. पाणी संपलेलं, माणसं आजारी, आणि समोरून अटलांटिकचा वारा. आडोशाला थांबायचं तर नांगर हवा. स्लायगोजवळच्या स्ट्रीडा नावाच्या वाळूच्या किनाऱ्यासमोर तीन जहाजं उरल्यासुरल्या नांगरांवर उभी राहिली. त्यांतल्या एकावर फ्रान्सिस्को दे क्वेयार नावाचा कप्तान होता. तो वाचला आणि त्यानं पुढे पत्रात सगळं लिहून ठेवलं. चार दिवस ती जहाजं तिथे होती. पाचव्या दिवशी मोठं वादळ उठलं, नांगरांनी दाद दिली नाही आणि तिन्ही जहाजं किनाऱ्यावर आपटून तासाभरात फुटली. हजाराहून अधिक माणसं तिथे मेली.

या मृत्यूंची कारणं एकाहून अधिक आहेत, वादळ तर आहेच. पण त्यांतलं एक कारण कॅलेच्या तळाशी पडलेलं होतं, हे इतिहासकार मान्य करतात. दोर कापणं चूक नव्हतं, नाहीतर जहाजं जळाली असती. कमी पडला तो बोया. आपण काय सोडून चाललो आहोत आणि ते परत कुठे सापडेल, याची खूण ठेवायला फुरसत मिळाली नाही.

जाणूनबुजून नांगर सोडल्याचं आणखी एक उदाहरण आहे आणि ते सुखान्त आहे. ११ जून १७७० च्या रात्री कॅप्टन जेम्स कुक याचं 'एंडेव्हर' हे जहाज ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर, प्रवाळाच्या खडकावर चढलं. वजन कमी करायला सहा तोफा आणि बरंच सामान समुद्रात टाकलं. लहान होड्यांतून नांगर दूर नेऊन टाकले आणि त्यांचे दोर जहाजावरून ओढून, भरतीच्या पाण्यात दुसऱ्या रात्री जहाज सोडवलं. जहाज सुटलं, पण एक नांगर काही केल्या निघेना. कुकनं त्याचा दोर कापला. जहाजाला भोक पडलेलं, पाणी आत येत होतं. अशा वेळी नांगरापायी थांबणं म्हणजे सगळ्यांनी बुडणं. तोफा १९६९ साली सापडल्या आणि तो नांगर १९७१ साली. म्हणजे २०१ वर्षं तो तिथेच होता. आता तो ऑस्ट्रेलियात कुकटाऊनच्या संग्रहालयात आहे. मघाशी म्हटलं तेच, नांगर कुठे जात नाही.

तिसरा प्रकार, अडकलेला नांगर, हा लहान होडीच्या रोजच्या जगण्यातला. मोठ्या जहाजाकडे यंत्रं असतात. होडीत दोन माणसांचे चार हात. कोकणात खडकाळ तळ असेल तिथे चार आकड्यांचा लोखंडी नांगर टाकतात. खडकाला तो झटकन धरतो आणि तितक्याच चिवटपणे सोडत नाही. यावर उपाय दोन. पहिला बोयाचा. दांड्याच्या खालच्या टोकाला, म्हणजे जिथे आकडे जुळतात तिथे, एक वेगळी बारीक दोरी बांधायची आणि तिच्या वरच्या टोकाला बोया. नांगर अडकला तर बोया धरून उलट्या बाजूनं ओढायचं, म्हणजे तो आला त्या वाटेनं मागे निघतो. मुख्य दोर तुटला तरी बोया जागा दाखवतो. या दोरीची लांबी भरतीच्या पाण्याच्या हिशेबानं धरावी लागते. आपल्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीत पाणी दोन-तीन मीटर सहज वर-खाली होतं. ओहोटीला मापलेला बोया भरतीला पाण्याखाली बुडून बसतो.

दुसरा उपाय मला फार आवडतो. यात मुख्य दोर नांगराच्या वरच्या कडीला बांधतच नाहीत. तो थेट खालच्या टोकाला बांधतात, दांड्याच्या कडेनं वर आणतात आणि कडीला नुसत्या बारीक सुतळीनं अडकवतात. रोजच्या ओढीला ती सुतळी पुरते आणि नांगर नेहमीसारखा धरून राहतो. तो खडकात अडकला, की होडी बरोबर नांगराच्या डोक्यावर आणून जोरानं हिसका द्यायचा. सुतळी तुटते, ओढ आपोआप खालच्या टोकावर जाते आणि नांगर उलटा होऊन मोकळा होतो. मात्र जिथे वाऱ्यात रात्र काढायची आहे तिथे हा उपाय चालत नाही, कारण भलत्या वेळी सुतळी तुटली तर नांगर होडीसकट वाहत जाणार. हा दिवसाउजेडी, जागं राहून करायच्या मासेमारीचा उपाय. इथे नांगर वाचतो तो मजबूत दोरामुळे नव्हे, तर योग्य जागी मुद्दाम ठेवलेल्या कमजोर सुतळीमुळे.

नांगराच्या आकारावरही पुष्कळ संशोधन झालं. १९३३ साली जेफ्री टेलर या इंग्रज शास्त्रज्ञानं नव्या घाटाचा एक नांगर तयार केला. प्रवाही पदार्थांच्या विज्ञानात या गृहस्थांचं नाव फार मोठं आणि लहान बोटीतून समुद्रावर हिंडण्याचा त्यांना छंद. जुन्या नांगराचं वजन लहान बोटीला जड होतं, म्हणून कमी वजनात जास्त पकड देणारा आकार त्यांनी शोधला. तो आकार कसला, तर चक्क शेतातल्या नांगराच्या फाळाचा! त्याचं नाव 'सी-क्यू-आर'. ही तीन अक्षरं भरभर म्हटली की इंग्रजीत 'सुरक्षित' या अर्थाचा शब्द ऐकू येतो. इंग्रजी बोलणाऱ्या खलाशांना समुद्राच्या नांगरात शेतीचा नांगर दिसायला १९३३ साल उजाडावं लागलं. मराठी माणसाला तो आपल्या शब्दात आधीच दिसत होता.

पण टेलरांचा नांगर असो की मालवणच्या लोहाराचा, त्याची पकड दोराच्या टोकांपर्यंतच खरी. आज काथ्याच्या जागी नायलॉन आलं. ते ताणतं चांगलं, कुजत नाही. पण उन्हात त्याचा वरचा धागा विटतो आणि होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, जिथे दोर कडेला घासतो तिथे ते गुपचूप झिजतं. दोर पांढरा स्वच्छ दिसतो आणि एका वादळात दगा देतो. म्हणून घासणाऱ्या जागी फडकं किंवा रबरी नळीचा तुकडा गुंडाळायची पद्धत आहे. टायरच्या वेढ्यात ज्या कारणासाठी साखळी आली, त्याच कारणासाठी आज जुन्या नळीचा तुकडा वापरला जातो.

२ सप्टेंबर २०२२ रोजी भारतीय नौदलाला नवा ध्वज मिळाला. त्यावर नांगर आहे आणि भोवतीचा अष्टकोन शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतला आहे. ब्रिटिश नौदल खात्याच्या जुन्या चिन्हावरही नांगरच होता, पण त्याला स्वतःचाच दोर गुरफटलेला दाखवला आहे. खलाशाच्या दृष्टीनं गुरफटलेला नांगर म्हणजे फजिती. तरी तो चिन्ह म्हणून शतकानुशतकं मिरवला गेला. चित्र काढणाऱ्याला दोर शोभेचा वाटला असेल. समुद्रावरच्या माणसाला मात्र तो दोर पाहिला, की आधी त्याचं टोक शोधावंसं वाटणार.

किनाऱ्यावरची मंडळी हे भाषण ऐकत असतील, तर त्यांना मी नवीन काही सांगितलं नाही. जी मंडळी सुट्टीत होडी घेऊन पाण्यात उतरतात, त्यांना मात्र एक सांगणं आहे. निघण्यापूर्वी चार जागी हात लावून पाहा. नांगराच्या कडीजवळची गाठ आणि तिची सुतळी. शॅकलची तार. नाळेवर घासणारा दोर. आणि होडीच्या पोटातलं ते शेवटचं टोक. डोळ्यांनी नको, हातानं पाहा. वादळात इंजिन बंद पडलं आणि वारा किनाऱ्याकडे ढकलत असला, तर तुमच्या आणि खडकांच्या मध्ये दुसरं काही नसतं. स्ट्रीडाच्या किनाऱ्यावरच्या हजार माणसांनाही ते ठाऊक होतं. त्यांच्याजवळ नांगर उरले नव्हते. आपल्याजवळ आहेत, तोवर त्यांची टोकं सांभाळावीत.